कडब्याच्या काड्या शेणात अख्ख्या का दिसतात?

गोठाप्रमुख
४०० किलो वजनाची संकरित गाय धरा, दूध १२ लिटर. रोजची वैरण ६ किलो ज्वारीचा कडबा, १० किलो हिरवा मका, वर ३ किलो मक्याचा भरडा आणि पेंड मिळून. शेण घट्ट, रवंथ चांगली. दूध वाढावं म्हणून भरडा-पेंड एकदम ६ किलोवर नेली, तर आठवड्याभरात शेण पातळ होतं आणि त्यात कडब्याच्या काड्या बोटात धरता येतील एवढ्या लांब दिसतात. मक्याचे कणही दिसतात.

गाय तीच, कडबा त्याच गंजीतला. मग कालपर्यंत पचणारा कडबा आज का पचत नाही? या प्रश्नावर नेहमी तीनच उत्तरं मिळतात: जंताचं औषध पाजा, कुट्टी (यंत्राने कापलेला चारा) बारीक करा, कडबा बदला. मला पोटात नेमकं काय घडतं ते समजून घ्यायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चौथा_कप्पा
जागा पकडून बसतो. हा धागा सावकाश रवंथ करत वाचण्याचा आहे.

सूक्ष्मदर्शी
कडब्याचा मुख्य भाग सेल्युलोज. तेही ग्लुकोजच्याच कड्यांची साखळी, स्टार्चसारखीच, फक्त कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. ती जोडणी तोडणारं विकर गायीच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, जिवाणू करतात. ४०० किलोच्या गायीच्या कोटीपोटात ६० ते ८० लिटर ऐवज असतो, तापमान ३९ अंशांच्या आसपास, प्राणवायू जवळजवळ शून्य. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू, शिवाय लाखांत आदिजीव आणि थोडी बुरशी.

इतक्या गर्दीत तंतू फोडणारे मुख्य कारागीर तीनच: फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनीस, रुमिनोकॉकस आल्बस आणि रुमिनोकॉकस फ्लेव्हफेशियन्स. हे रसात नुसते तरंगत राहिले तर काही उपयोग नाही. काडीला चिकटल्याशिवाय यांचं काम सुरूच होत नाही. फ्लेव्हफेशियन्सच्या अंगावर बाहेरच्या बाजूला विकरांचा अख्खा जुडगा बांधलेला असतो. एक विकर साखळी मधेच तोडतं, दुसरं टोकापासून दोन-दोन कड्या काढत जातं, आणि त्या जोडकड्या जिवाणू पेशीत ओढून घेतो. सगळी हत्यारं एकाच पेटीत, आणि पेटी काडीला टेकलेली. फायब्रोबॅक्टरकडे अशी पेटी नाही. तो स्वतःच काडीच्या पृष्ठभागावर सपाट चिकटतो आणि खाली चर पाडत जातो.

आता नीट पाहण्यासारखी गोष्ट. ज्वारीच्या पानाला, ताटाला बाहेरून मेणाचा थर असतो. जिवाणूंना तो भेदता येत नाही. ते आत शिरतात ते कापलेल्या टोकातून, चावून पडलेल्या चिरेतून, नाहीतर पानाच्या श्वसनछिद्रातून. म्हणजे काडी आतून बाहेर खाल्ली जाते. कोटीपोटात २४ तास राहिलेला पानाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मधला मऊ गर गेलेला असतो आणि वरची साल व शिरा कोऱ्या पिशवीसारख्या उरलेल्या असतात. रवंथ आणि कुट्टीचं महत्त्व इथे आहे. त्यांनी काडी पचत नाही, काडीला दारं पडतात.

कडबा_पेंढी
मग तर कुट्टी जितकी बारीक तितकी दारं जास्त. पिठासारखी केली तर कडबा सगळा पचायला हवा. तसं होत तर नाही.

रानवैद्य
@कडबा_पेंढी, बरोबर पकडलंत. दारं वाढतात पण मुक्काम घटतो. कोटीपोटातून पुढे जायची वाट अरुंद आहे, साधारण १ ते ४ मिलिमीटरचा कण झाल्याशिवाय तो सहसा पुढे सरकत नाही. लांब काडी म्हणूनच ४८ तास किंवा त्याहून जास्त तिथे थांबते. पीठ केलेला कडबा तेवढा थांबत नाही, जिवाणू चिकटून कामाला लागेपर्यंत तो पडदेपोटात, म्हणजे पुढच्या कप्प्यात, पोचलेला असतो.

दुसरं नुकसान लाळेचं. मोठी गाय दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ गिळते, त्यातली बरीचशी रवंथ करताना. त्या लाळेत खाण्याचा सोडा आणि फॉस्फेट असतं. कोटीपोटात तयार होणारं आम्ल तीच मारते. चावणं कमी, की लाळ कमी, की सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली. कडब्याची कुट्टी एक ते दीड इंच ठेवा. दीड इंचाच्या वर गेली तर गाय पानं निवडते आणि बुडखे गव्हाणीत राहतात. अर्ध्या इंचाच्या खाली आणूच नका.

फॅट_साडेचार
कुट्टी यंत्राची पाती बोथट झाली की काडी कापली न जाता चेचली जाते, टोकाला दोऱ्यासारखे तंतू लोंबतात. हे चांगलं की वाईट? दारं तर जास्त पडली.

कडबा_पेंढी
चेचलेली काडी पचायला वाईट नाही, पण लांबी एकसारखी येत नाही. एक तुकडा अर्ध्या इंचाचा, शेजारचा चार इंचांचा. गाय बारीक आधी संपवते, लांब उरतं. शिवाय यंत्रावर ताण येतो, मोटर तापते. पात्यांना धार लावा आणि पातं व खालच्या पट्टीतलं अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं ठेवा. धार असूनही काडी चेचली जात असेल तर ते अंतर वाढलेलं असतं.

सूक्ष्मदर्शी
आता मूळ प्रश्नाकडे. भरडा दुप्पट केल्यावर काय होतं?

भरडा म्हणजे स्टार्च. त्यावर जगणारे जिवाणू वेगळे. त्यातला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. तंतू फोडणारे त्या मानाने फार सावकाश वाढतात. स्टार्च भरपूर आलं की आम्लं भराभर तयार होतात, आणि सामू ६.५ वरून ६ च्या खाली येतो. तंतू फोडणाऱ्या तिघांची वाढ सामू ६ च्या खाली जवळपास थांबते. आजूबाजूचं आम्ल पेशीत शिरून साठतं आणि त्यांना ते बाहेर टाकता येत नाही. स्ट्रेप्टोकॉकस आपल्या पेशीच्या आतला सामूही खाली येऊ देतो, म्हणून तो टिकतो.

सामू आणखी घसरून साडेपाचच्या खाली गेला तर स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिक आम्लाकडे वळतो. ते आम्ल नेहमीच्या ॲसिटिक-प्रोपिऑनिकपेक्षा सुमारे दहापट तीव्र. मेगास्फेरा एल्सडेनाय नावाचा जिवाणू लॅक्टिक आम्ल खाऊन संपवतो, पण तोही हळू वाढतो. त्याची संख्या पुरेशी व्हायच्या आत भरडा ओतला तर गाय ॲसिडोसिसमध्ये जाते.

तेव्हा @गोठाप्रमुख, तुमच्या उदाहरणात कडबा बिघडला नाही. कडबा फोडणारे कामगार दिवसातले बरेच तास बंद पडलेत.

घाटावरचा
थोडा मतभेद नोंदवतो. सामू हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं नत्राचं आहे, आणि आपल्याकडच्या कोरड्या वैरणीत तर तेच मोठं. कडब्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास. एकूण खाद्यात ७ टक्क्यांपेक्षा कमी प्रथिनं असतील तर जिवाणूंना स्वतःचं अंग वाढवायला नत्र पुरत नाही, सामू कितीही छान असला तरी. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर असलेल्या भाकड जनावरांचं पोट भरलेलं आणि पाठीचा कणा वर आलेला दिसतो तो यामुळे.

हिशेब करून बघा. ६ किलो कडब्यात २४० ग्रॅम प्रथिनं. त्यात सव्वा किलो सरकी पेंड घातली, २२ टक्के धरली तर २७५ ग्रॅम आली. एकूण सव्वासात किलोत ५१५ ग्रॅम, म्हणजे ७ टक्क्यांच्या जरा वर. तेवढ्यावर जिवाणू कामाला लागतात आणि तीच गाय कडबाही जास्त खायला लागते, कारण पोट लवकर रिकामं होतं. भुईमुगाची पेंड असेल तर अर्धा किलोत भागतं. हा हिशेब फक्त भाकड जनावराला टिकवून धरण्याचा, दुधाचा वेगळा.

सूक्ष्मदर्शी
@घाटावरचा, भाकड जनावराबाबत शंभर टक्के सहमत. पण धागाकर्त्याच्या गायीला पेंड चालू आहे, नत्र कमी पडायचं कारण नाही. तिथे सामूच.

नत्राबद्दल एक भर. रक्तातला युरिया लाळेतून आणि कोटीपोटाच्या भिंतीतून परत आत येतो. जिवाणू त्याचा अमोनिया करून पुन्हा प्रथिन बांधतात. म्हणून कोरड्या चाऱ्यावर रवंथ करणारं जनावर घोड्यापेक्षा चिवट निघतं.

भातखाचर
कोकणात कडबा कुठला, आमच्याकडे पेंढा. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर आणि प्रथिनं कडब्याहूनही कमी. युरियाची प्रक्रिया केलेला पेंढा देतात, त्याचं प्रमाण आणि धोके कुणी नीट लिहील का? अर्धवट माहितीवर केलं की जनावर दगावतं.

घाटावरचा
आधी कारण, मग कृती. सेल्युलोजच्या साखळ्यांभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन (काडीला लाकडासारखा कडकपणा देणारा पदार्थ) यांचं आवरण असतं, आणि ते दोन्ही फेरुलिक आम्लासारख्या पुलांनी बांधलेले असतात. प्राणवायू नसलेल्या कोटीपोटात लिग्निन फोडणारं कुणी नाही. अल्कली मात्र हे पूल तोडते. ओल्या पेंढ्यात युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया अल्कलीचं काम करतो आणि वर नत्रही देतो.

१०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. जास्त युरिया घालून पचन वाढत नाही. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू द्या, तळाला एकही दाणा राहता कामा नये. जाड प्लास्टिकवर पेंढ्याचा १० किलोचा थर पसरा, त्यावर झारीने ५ लिटर द्रावण सारखं शिंपडा, पायाने तुडवून हवा काढा. असे दहा थर. वरून प्लास्टिक घट्ट झाका, कडा मातीने दाबा. २१ दिवस हात लावायचा नाही, थंडीत आणखी आठवडा.

उघडल्यावर रंग गडद पिवळा ते तपकिरी, वास डोळ्यांत पाणी आणणारा. लागेल तेवढा काढून तासभर उघड्यावर पसरा, मग द्या. सुरुवातीला नेहमीच्या चाऱ्यात चौथा हिस्सा, दोन आठवड्यांत पूर्ण. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही, घोड्या-गाढवाला तर मुळीच नाही.

चुका कुठे होतात: प्लास्टिकला भोक पडलं की अमोनिया निघून जातो, हवा शिरते आणि पांढरी बुरशी येते. तो भाग फेकायचा. पाणी कमी घातलं तर मधला पेंढा कोरडा राहतो, तिथे युरियाचा अमोनिया होत नाही आणि पांढरे स्फटिक दिसतात. सगळ्यात धोकादायक भाग तोच. आणि द्रावणाची बादली गोठ्यात उघडी ठेवणं. तहानलेलं जनावर ती पिऊन टाकतं.

रानवैद्य
वरच्यात भर. युरियाची विषबाधा मिनिटांत सुरू होते: थरथर, तोंडाला फेस, पोट फुगणं, झटके. कोटीपोटात अमोनिया एवढा वाढतो की यकृताला आवरत नाही. डॉक्टर येईपर्यंत, जनावर गिळू शकत असेल तरच, २ ते ४ लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यातून सावकाश पाजतात. आम्लाने अमोनिया अडतो, थंड पाण्याने जिवाणूंचा वेग मंदावतो. जनावर आडवं पडलं असेल तर तोंडाने काहीही ओतू नका, फुप्फुसात जाईल.

भातखाचर
धन्यवाद, हे छापून गोठ्यात लावण्यासारखं आहे. पेंढ्याची पौष्टिकता किती वाढते?

घाटावरचा
प्रथिनं साडेतीन टक्क्यांवरून सात-आठपर्यंत. ४ किलो युरियाचं नत्र प्रथिनांच्या हिशेबात साडेअकरा किलोच्या बरोबरीचं, पण उघडल्यावर मोठा भाग उडून जातो. खाण्यातलं प्रमाण आणि पचन दोन्ही वाढतं. चांगल्या, पानाळ मालदांडी ज्वारीच्या कडब्यावर ही मेहनत करू नका, त्याला पेंडीचीच जोड पुरते. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, पावसात भिजून काळा पडायच्या आधीचं सरमाड, यांच्यासाठी ही प्रक्रिया आहे.

चौथा_कप्पा
मालदांडीचा शेकडा काय भावाने चाललाय हे आठवलं तर प्रक्रिया सोडा, एकेक काडी मोजून घालावी वाटते.

उस्मानाबादी
शेळ्यांचंही बोला की. सुबाभूळ जास्त झाली की केस गळतात, गळ्याला सूज येते. ते जिवाणूंमुळेच ना?

सूक्ष्मदर्शी
ताई, फार चांगला विषय काढलात. सुबाभळीत मिमोसिन असतं, केस त्याने गळतात. कोटीपोटात जिवाणू त्याचं दुसऱ्या एका पदार्थात रूपांतर करतात, आणि तो थायरॉइडचं काम अडवून गलगंड आणतो. ऑस्ट्रेलियात जनावरांना हा त्रास व्हायचा. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या भरपूर सुबाभूळ खाऊनही ठणठणीत राहतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले, आणि त्रास थांबला. एकाला दिले की शेजारच्या जनावरांत आपोआप पसरले. १९९२ मध्ये त्या जिवाणूला नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी.

गोठ्यापुरता नियम: एकूण कोरड्या खाद्यात सुबाभूळ ३० टक्क्यांच्या आत.

कडबा_पेंढी
म्हणजे बाहेरून जिवाणू सोडता येतात. मग बाजारात जिवाणूंच्या पावडरी मिळतात त्या कडबा पचवायला का कमी पडतात?

सूक्ष्मदर्शी
सिनर्जिस्टिसला रिकामी जागा मिळाली. ते विष खाणारं तिथे दुसरं कुणीच नव्हतं. कडबा खाणारे मात्र प्रत्येक गायीत पहिल्यापासून ठाण मांडून आहेत. बाहेरून आलेल्याला त्या गर्दीत खुर्ची मिळत नाही, चार दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही. आणि सामू ६ च्या खाली असेल तर जे तुमचे बंद पडले त्याच कारणाने पाहुणेही बंद पडतात.

यीस्टचं थोडं वेगळं आहे. जिवंत यीस्ट चाऱ्यासोबत आत आलेला प्राणवायू ओढून घेतं, लॅक्टिक आम्ल खाणाऱ्यांना हातभार लावतं. फायदा आहे, पण माफक. भरड्याचं गणित चुकलेलं असताना यीस्टवर खर्च करणं मला पटत नाही.

रानवैद्य
एका बाबतीत बाहेरचे जिवाणू हमखास उपयोगी. लांब आजारपणाने, अपचनाने किंवा तोंडावाटे दिलेल्या प्रतिजैविकांनी कोटीपोटच मेलं असेल तर निरोगी जनावराचा रस काढून पाजतात. गायीला किमान ३ लिटर, जास्त मिळाला तर उत्तम. रस नळीने काढायचा, दोन पदरी मलमलीतून गाळायचा, गरम पाण्याने शेकलेल्या थर्मासमध्ये तोंडापर्यंत भरायचा म्हणजे वर हवा राहत नाही, आणि लगेच वापरायचा. थंड झाला, हवा लागली की आदिजीव आधी मरतात. दाता गाय निरोगी, तपासलेली आणि तोच चारा खाणारी हवी. हे काम डॉक्टरांचं, घरी नळी घालू नका.

तो रस जिवंत आहे का हे पाहायची सोपी चाचणी: २० भाग रसात १ भाग ०.०३ टक्के मिथिलिन ब्लू. जोमदार रस निळा रंग तीन मिनिटांत घालवतो. मेलेला रस पंधरा मिनिटांनीही निळाच. आणि खास तंतू फोडणाऱ्यांसाठी सुती दोऱ्याची चाचणी. दोऱ्याला काचेचा मणी बांधून तो ३९ अंशांवर ठेवलेल्या रसात लोंबकळत सोडायचा. सूत म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. जिवाणू काम करत असतील तर दोन दिवसांच्या आसपास दोरा झिजून मणी तळाला पडतो. कडबा पचणं म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं.

उस्मानाबादी
मणी पडण्याची चाचणी फारच आवडली. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासारखी आहे.

माळरान
थोडं अवांतर. घोडा, गाढव, ससा, हत्ती यांचे जिवाणू पोटाच्या मागच्या टोकाला, अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात. तिथेही तंतू फुटतात आणि आम्लं शोषली जातात, पण जिवाणूंच्या शरीरातलं प्रथिन शेणातून वाया जातं, कारण प्रथिन पचवणारं लहान आतडं मागे राहिलं. ससा म्हणून आपली मऊ लेंडी परत खातो. हत्ती मुक्कामच ठेवत नाही, भरपूर खातो आणि निम्म्याहून जास्त तसंच बाहेर टाकतो.

गायीचं उलट. जिवाणू पुढे खऱ्या पोटात, म्हणजे चौथ्या कप्प्यात, येतात आणि गाय त्यांनाच पचवते. तिच्या खऱ्या पोटात लायसोझाइम हे जिवाणूंची भिंत फोडणारं विकर भरपूर असतं. आपल्या डोळ्यांच्या पाण्यात असतं तेच, पण आम्लात टिकणारं. पानं खाणाऱ्या आपल्या वानरांच्या पोटातही असंच आंबवणं चालतं, आणि त्यांच्या लायसोझाइममध्ये गायीसारखेच बदल स्वतंत्रपणे झालेले आहेत.

चौथा_कप्पा
म्हणजे शाकाहारी गाय रोज अब्जावधी जीव फस्त करते. हे आमच्या आजीला सांगायची हिंमत नाही.

फॅट_साडेचार
@माळरान सुंदर. आता दुधाकडे या. भरडा वाढला की फॅट पडते. कडबा पचला की ॲसिटिक आम्ल जास्त, त्यापासून कासेत फॅट. भरडा वाढला की प्रोपिऑनिक जास्त, त्याचं यकृतात ग्लुकोज, ग्लुकोजची दुग्धशर्करा आणि दूध वाढतं. हे बरोबर ना?

सूक्ष्मदर्शी
पहिलं अर्धं, दुसरं बरोबर. चाऱ्यावर ही आम्लं साधारण ६५-२०-१५ अशी असतात, ॲसिटिक-प्रोपिऑनिक-ब्युटिरिक, आणि गायीची सुमारे ७० टक्के ऊर्जा या तिघांतून येते. भरड्याने प्रोपिऑनिक वाढतं हे खरं. पण ॲसिटिक कमी पडून फॅट घसरते असं दरवेळी दिसत नाही. सामू पडला की जिवाणूंची चाऱ्यातल्या तेलावर प्रक्रिया करायची वाट बदलते, आणि वेगळ्या धाटणीची काही मेदाम्लं तयार होतात. ती कासेत पोचून फॅट बनवण्याचं कामच दाबतात, अगदी थोड्या प्रमाणातसुद्धा. म्हणून भरड्यासोबत सरकी किंवा तेल जास्त असेल तर फॅट आणखी पडते.

घाटावरचा
ऊस पट्ट्यातल्यांसाठी एक. वाढ्यात (उसाच्या हिरव्या शेंड्यांत) ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. ऑक्झलेट खाणारा जिवाणूही आहे, ऑक्झॅलोबॅक्टर, पण त्याला वाढायला वेळ द्यावा लागतो. गळीत हंगाम सुरू झाला म्हणून एकदम पोटभर वाढे टाकू नका. दोन-तीन आठवड्यांत वाढवा, कडब्यासोबत मिसळा, आणि खनिज मिश्रण सोडू नका.

गोठाप्रमुख
खूप शिकायला मिळालं. आता हे ओळखायचं कसं आणि सुधारायचं कसं, ते कुणी क्रमाने सांगाल का? सामू मोजायला रोज नळी घालता येत नाही.

रानवैद्य
नळी नको, चाळणी घ्या. ताज्या शेणाची ओंजळ दीड-दोन मिलिमीटरच्या चाळणीत घ्या आणि वाहत्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. वर काय उरतं ते पाहा. बारीक, मऊ, एकसारखा चोथा असेल तर ठीक. अर्ध्या इंचापेक्षा लांब काड्या भरपूर असतील तर रवंथ अपुरी आहे किंवा माल वेळेआधी निसटतोय. मक्याचे टणक तुकडे असतील तर भरडा फार जाडा किंवा एका वेळी फार जास्त. चिकट, शेंबडासारखा पडदा किंवा फेस असेल तर आंबवणं मागच्या आतड्यात सरकलंय, म्हणजे कोटीपोटाला स्टार्च झेपलेलं नाही.

शेजारी बसून रवंथ मोजा. एका घासाला ५० ते ६० वेळा चावणं हवं. ४० वर आली तर लांब तंतू कमी पडतोय. निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसायला हवीत.

उपाय असा. भरडा-पेंड आज परत ४ किलोवर आणा. तिथून दर आठवड्याला अर्धा किलो वाढवा, त्याहून घाई नको. जिवाणूंची घडी बसायला दोन-तीन आठवडे लागतात, कोटीपोटाच्या भिंतीची आम्ल शोषायची ताकद वाढायला त्याहून जास्त. एका वेळी २ किलोपेक्षा जास्त नको, म्हणजे दिवसातून तीनदा. आधी कडबा, अर्ध्या तासाने भरडा. उपाशी पोटी भरडा कधीच नाही. खाण्याचा सोडा दिवसाला ९० ग्रॅम, १२ किलो कोरड्या खाद्याला पाऊण टक्का या हिशेबाने, भरड्यात मिसळून. पाणी पूर्ण वेळ समोर.

आणि लग्नातला उरलेला भात, पुऱ्या, खळ्यावरची धान्याची रास यावर जनावर तुटून पडलं असेल तर यातलं काही करत बसू नका, ताबडतोब डॉक्टर. पहिल्या काही तासांत खूप काही हातात असतं, दुसऱ्या दिवशी नसतं. वाचलेल्या जनावरालाही नंतर खुरांचा त्रास उरतो.

कडबा_पेंढी
जंताचं औषध तेवढं राहिलं.

रानवैद्य
शेण तपासून जंत निघाले तर द्या. खाद्य बदलल्या आठवड्यातच काड्या दिसायला लागल्या असतील तर जंतांचा संबंध लावू नका.

गोठाप्रमुख
ठरलं. भरडा-पेंड ४ किलो, दोन-दोनऐवजी तीन वेळा, कडबा आधी, कुट्टी सव्वा इंच, सोडा ९० ग्रॅम. आठ दिवसांनी चाळणी लावून फरक इथे लिहितो.

सूक्ष्मदर्शी
चाळणी आजच लावा आणि उरलेला चोथा कागदावर वाळवून ठेवा. तुलनेला पहिला नमुना हवा. आठ दिवसांत शेण घट्ट झालेलं दिसेल, काड्या कमी व्हायला तीन आठवडे धरा. तंतू फोडणारे सावकाश परततात.

गोठाप्रमुख
आजचा नमुना वाळत घातला. तारीख लिहून ठेवली आहे.